मुलांच्या हातीं कादंबरी

शाळेच्या ग्रंथालयासंबंधानें पालकांकडून ज्या सूचना येतात त्यांचे सामान्यतः दोन वर्ग पडतात. मूल मुळींच वाचीत नाहीं, त्यास वाचावयास लावा, असें म्हणणारे पुष्कळ. आणि मूल नको तें वाचतें, त्याच्या हातीं असलें पुस्तक दिलें कोणीं, असें विचारणारे थोडे. पहिलें गाऱ्हाणें नेहमींचें आहे. तें आम्ही ऐकतों, मान डोलावतों आणि मोबाइलास दोष देऊन मोकळे होतों. दुसरें मात्र विचार करावयास लावणारें आहे. नववी-दहावींतील मुलें मोठ्यांच्या कादंबऱ्या वाचूं लागलीं म्हणजे केव्हां तरी त्यांच्यापुढें स्त्रीपुरुषसंबंधाचें, फसवणुकीचें, अत्याचाराचें किंवा आत्मघाताचें प्रकरण येणारच. तें पान आईच्या किंवा वडिलांच्या दृष्टीस पडतें, घरांत गडबड उडते, आणि पुस्तक दप्तरांतून निघून कपाटाच्या माथ्यावर जातें. अशा वेळीं मुलाच्या मनांत काय घडतें, आणि वडील मंडळींनीं काय करणें इष्ट आहे, ह्याचा थोडा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही काळजी आजची नाहीं, आणि ती हंसण्यावारी नेण्याजोगीही नाहीं. इसवी सन ४०३ च्या सुमारास रोम येथील लेता नांवाच्या एका ख्रिस्ती मातेस, तिच्या पौला नांवाच्या तान्ह्या मुलीच्या शिक्षणाविषयीं, संत जेरोम ह्यांनीं एक दीर्घ पत्र लिहिलें. जेरोम म्हणजे पवित्र शास्त्राचें लॅटिन भाषांतर करणारे प्रसिद्ध विद्वान्. ते तेव्हां बेथलेहेमांत राहत असत. मुलीस लाकडाचीं किंवा हस्तिदंताचीं अक्षरें करून खेळावयास द्यावीं, असें त्या पत्रांत सांगितलें आहे. पुढें शास्त्रांतील कोणतें पुस्तक तिच्या हातीं कधीं द्यावें, ह्याचा क्रम त्यांनीं लावून दिला आहे. प्रथम स्तोत्रें, मग नीतिसूत्रें, उपदेशक आणि ईयोब, मग शुभवर्तमानें, प्रेषितांचीं कृत्यें व पत्रें, त्यानंतर संदेष्टे आणि इतिहासाचीं पुस्तकें, आणि सर्वांच्या शेवटीं गीतरत्न. तें काव्य आरंभींच हातीं पडलें तर त्यांतील देहाच्या भाषेमागचा आत्मिक अर्थ मुलीस उमगणार नाहीं व तिला अपाय होईल, असें त्यांचें म्हणणें. इतर बाबतींत जेरोम फारच कडक होते. वाद्यांचा सूरही पौलेच्या कानीं पडूं नये असें ते लिहितात, आणि आमच्या गायनवर्गांतील मुली तें पत्र वाचतील तर संतांवर रुसतील. परंतु एवढ्या कडक माणसानेंही गीतरत्न शास्त्रांतून काढून टाकलें नाहीं, किंवा ‘हें तूं कधींच वाचूं नकोस’ असेंही म्हटलें नाहीं. त्यांनीं फक्त त्याची पाळी शेवटीं ठेविली.

ह्याच्या उलट मार्ग इंग्लंडांत बाउडलर घराण्यानें चोखाळिला. १८०७ सालीं ‘फॅमिली शेक्सपिअर’ नांवाचा वीस नाटकांचा संग्रह निघाला. तो हेन्रिएटा बाउडलर ह्या बाईंनीं तयार केला होता, पण त्यावर त्यांचें नांव नव्हतें. पुढें १८१८ सालीं त्यांचे बंधु डॉ. थॉमस बाउडलर ह्यांनीं त्याची मोठी आवृत्ति दहा भागांत काढिली. बापानें मुलाबाळांत बसून मोठ्यानें वाचतां यावें, अशा हेतूनें मूळ नाटकांतील संकोच वाटण्याजोगे शब्द व ओळी त्यांतून कापून टाकिल्या होत्या. हेतु वाईट होता असें आम्ही म्हणत नाहीं. कुटुंबांत एकत्र वाचन व्हावें ही इच्छा तर फारच चांगली. परंतु इंग्रजींत त्या आडनांवाचें क्रियापद झालें, आणि तें क्रियापद गौरवाचें नाहीं. कात्री लावलेल्या पुस्तकांत दुःख तसेंच राहतें, त्याचें कारण मात्र पानांतून निघून जातें. आणि आपणांस काय दिलें गेलें नाहीं ह्याचा मुलास पत्ताही लागत नाहीं.

आतां आमच्या मराठी कादंबरीकडे पाहूं. येथें एक विलक्षण गोष्ट नजरेस येते, आणि ह्या लेखाचें मुख्य कारण तीच आहे.

बाबा पदमनजी ह्यांचें ‘यमुनापर्यटन’ हें पुस्तक मराठींतील पहिली कादंबरी म्हणून ओळखलें जातें. तें १८५७ सालीं निघालें. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षीं झाला होता, आणि खुद्द पदमनजींनीं १८५४ सालीं ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली होती. यमुना ही तरुण स्त्री आपल्या पतीबरोबर प्रवास करते, आणि जागोजाग विधवांचे जे हाल तिच्या दृष्टीस पडतात तीच ह्या पुस्तकाची मुख्य सामग्री होय. पुढें तिच्यावर स्वतःवरही वैधव्याचा प्रसंग येतो. व्यभिचाराचा निषेध करणारी पुस्तिका ज्या लेखणीनें लिहिली त्याच लेखणीनें ही कादंबरी लिहिली आहे, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. लेखकास विषयाची गोडी लागली म्हणून त्यानें तो हातीं घेतला, असें कोणास म्हणतां येणार नाहीं.

त्यानंतर सुमारें पस्तीस वर्षांनीं हरि नारायण आपटे ह्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी त्यांच्या ‘करमणूक’ पत्रांतून १८९० पासून १८९३ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची नायिकाही योगायोगानें यमुनाच. ती आपली हकीकत स्वतःच्या तोंडानें सांगते. भावाबरोबर खेळण्याच्या वयांत तिचें लग्न होतें, सासुरवास येतो, पतीबरोबर मुंबईस थोडे दिवस सुखाचे जातात, मग वैधव्य, आणि शेवटीं बळजबरीचें केशवपन. तिची मैत्रीण दुर्गी हिचें लग्न कसें झालें आणि नवऱ्यानें तिचे काय हाल केले, तेंही त्यांत आहे. ही गोष्ट आठवड्यामागून आठवडा घरोघर वाचली जात असतां, १८९१ सालीं, सरकारनें संमतिवयाचा कायदा केला आणि मुलीचें संमतीचें वय दहावरून बारा केलें. त्या दोन वर्षांच्या वाढीवरून पुण्यांत आणि इतरत्र केवढें रण माजलें हें इतिहास वाचणाऱ्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच.

दहा आणि बारा, ह्या दोन आंकड्यांवर आम्ही वाचकांस क्षणभर थांबण्याची विनंति करितों. आमच्या शाळेंत तें वय पांचवी ते सातवीच्या मुलींचें आहे. यमूची कथा ज्या मुलींची होती त्या मुलींच्या हातीं ती पडूं नये, असें मानणारीं घरें त्या काळीं कमी नव्हतीं. मुळांत मुलींनीं वाचावें हेंच पुष्कळांस रुचत नसे. रमाबाई रानडे ह्यांनीं १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत, शिकण्यासाठीं घरांतील वडील बायकांचा रोष त्यांस कसा सोसावा लागला तें लिहून ठेविलें आहे. म्हणजे जी गोष्ट मुलीनें वाचूं नये असें ठरत होतें, ती तिनें सोसावी असें मात्र आधींच ठरून गेलेलें होतें. वाचण्यास वय लहान होतें. सोसण्यास तें पुरेसें मानलें जात होतें.

पुढें १९३३ सालीं ‘विभावरी शिरूरकर’ ह्या नांवानें ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला तेव्हांही असेंच झालें. शिकलेल्या अविवाहित तरुणींच्या मनाची घुसमट त्यांत सरळ शब्दांनीं सांगितली होती. त्यावर मोठें वादळ उठलें, आणि लिहिणारी व्यक्ति कोण ह्याचाच तर्क पुष्कळ दिवस चालला. त्या मालतीबाई बेडेकर, आणि त्या शिक्षणाच्या क्षेत्रांत काम केलेल्या. मुलींच्या मनांत काय चालतें हें ज्यांस रोज दिसत होतें अशा बाईला तें सांगण्यासाठीं टोपणनांवाचा पडदा घ्यावा लागला.

ह्यावर पालक म्हणतील कीं, तो काळ गेला. आतां बालविवाहास कायद्यानें बंदी आहे, केशवपन उरलें नाहीं, मग आतांच्या मुलांना असल्या गोष्टी वाचण्याची गरज काय? प्रश्न योग्य आहे. परंतु मुलांवर होणारे अन्याय नाहींसे झाले नाहींत; त्यांचीं रूपें बदललीं. लैंगिक अपराधांपासून बालकांचें संरक्षण करण्यासाठीं २०१२ सालीं आपल्या देशांत स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. अपराध करणारा मनुष्य पुष्कळदां घरांतला किंवा ओळखीचा असतो, हें मुलांमध्यें काम करणारांस माहीत आहे.

गेल्या वर्षीं नववींतील एका मुलीचे वडील आमच्याकडे एक अलीकडची मराठी कादंबरी घेऊन आले. तींत चौदा वर्षांच्या मुलीस घरांतीलच एक नातलग त्रास देतो असा प्रसंग आहे. गृहस्थ सज्जन, मुलीच्या अभ्यासाची आस्थेनें चौकशी करणारे. त्यांनीं त्या पानांत कागदाची चिठी घालून ठेविली होती. “सर, हें पुस्तक शाळेस शोभतें काय?” असें त्यांनीं विचारलें. आम्हीं विचारलें, आपण तें सबंध वाचलें काय? त्यांनीं तेवढें एकच पान वाचलें होतें. मुलगीही तेथवरच आली होती, कारण त्याच पानावर पुस्तक तिच्या हातून घेण्यांत आलें होतें. नंतर तिची आमची गांठ पडली तेव्हां तिनें रागाची एक खूणही दाखविली नाहीं. तिला एवढेंच जाणून घ्यावयाचें होतें कीं, त्या मुलीनें आपल्या आईला सांगितलें कीं नाहीं.

त्या कादंबरींत ती सांगते. आई प्रथम विश्वास ठेवीत नाहीं, मग ठेविते, आणि तो नातलग घराबाहेर काढला जातो. पण हें सर्व चाळीसएक पानें पुढें आहे. वडिलांनीं पुस्तक काढून घेतलें तें मुलीचें रक्षण करण्याच्या इच्छेनें. परिणाम असा झाला कीं, अपकृत्य तेवढें तिनें वाचलें आणि त्याचा परिहार वाचावयाचा राहिला. शिवाय पुस्तकाबाहेरचा एक धडा तिला मिळाला: ह्या विषयाचा शब्द घरांत निघाला म्हणजे बाबा संतापतात. उद्यां ईश्वर न करो, पण तसलाच प्रसंग तिच्यावर आला, तर ती कोणाकडे जाईल? आम्हीं त्या गृहस्थांस हेंच विचारलें. ते कांहीं बोलले नाहींत, पण पुस्तक घरीं घेऊन गेले. आठ दिवसांनीं तें परत आलें, आणि पुढच्याच सोमवारीं त्यांच्या मुलीच्या नांवावर पुन्हां नोंदलें गेलें.

हा प्रसंग घडल्यापासून शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा तेरावा अध्याय आमच्या मनांतून जात नाहीं. रविवारच्या शाळेंत तो बहुधा शिकविला जात नाहीं. दावीद राजाची कन्या तामार हिच्यावर तिचा सावत्र भाऊ अम्नोन जुलूम करितो. ती डोक्यावर राख घालून, अंगावरचा झगा फाडून, रडत जाते. सख्खा भाऊ अबशालोम तिला गप्प बसावयास सांगतो. दावीदास तें कळतें तेव्हां तो फार संतापतो; परंतु त्यानें अम्नोनास शासन केलें, किंवा मुलीस जवळ घेऊन दोन शब्द विचारले, असें त्या अध्यायांत कोठेंही नाहीं. बापाचा संताप आणि भावाचें ‘गप्प राहा’, ह्या दोहोंमध्यें ती मुलगी अबशालोमाच्या घरीं उदास होऊन राहते, आणि त्यानंतर तिचा आवाज शास्त्रांत पुन्हां ऐकूं येत नाहीं. दोन वर्षांनीं अबशालोम अम्नोनाचा खून करवितो आणि राजाचें सगळें घर फुटतें.

शास्त्रांत हा अध्याय आहे, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. स्तोत्रें रचणाऱ्या राजाच्या घरची ही लाज झांकून ठेवणें लिहिणारांस कठीण नव्हतें. पंडिता रमाबाईंनीं केडगांवच्या मुक्ति मिशनांत बायका-मुलींना समजावें म्हणून साध्या मराठींत सबंध पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें; १९२२ सालीं त्या वारल्या आणि १९२४ सालीं तें प्रसिद्ध झालें. दुष्काळांतून आणि दुष्ट माणसांच्या हातांतून सुटून आलेल्या मुली त्यांच्या भोंवतीं होत्या. त्यांच्यासाठीं केलेल्या त्या भाषांतरांत तामारेची हकीकत इतर अध्यायांबरोबर तशीच आहे.

कायद्याचाही उल्लेख ओझरता केला पाहिजे, कारण पालक कित्येकदां त्याचें नांव घेतात. अश्लीलतेची जी कसोटी इंग्लंडांत आणि मग हिंदुस्थानांत शंभर वर्षें चालली, ती १८६८ सालच्या हिकलिन खटल्यांत ठरली. वाईट परिणामास ज्यांचें मन उघडें आहे अशांच्या हातीं पुस्तक पडलें तर काय होईल, हें पाहावें, असा तिचा मथितार्थ. मौज अशी कीं, तो खटला कोणत्या कादंबरीवर नव्हता; रोमन कॅथॉलिक पाद्र्यांच्या पापांगीकारविधीवर टीका करणाऱ्या एका प्रॉटेस्टंट पुस्तिकेवर होता. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९६४ सालीं लॉरेन्सच्या ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ संबंधानें मुंबईच्या एका पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम ठेविली तेव्हां हीच कसोटी मानली. परंतु १९६९ सालीं चंद्रकांत काकोडकर ह्यांच्या ‘श्यामा’ ह्या मराठी कथेवरील खटल्यांत त्याच न्यायालयानें लेखकास दोषमुक्त केलें, आणि असें म्हटलें कीं, स्त्रीपुरुषसंबंधाचा नुसता उल्लेख आल्यानें कादंबरी किशोरांस अयोग्य ठरूं लागली, तर त्यांस निव्वळ धार्मिक ग्रंथांवांचून दुसरें कांहीं वाचतां येणार नाहीं. न्यायमूर्तींपुढें त्या वेळीं शमुवेलाचा तेरावा अध्याय नसावा! अश्लील वस्तु अल्पवयी व्यक्तीस विकणें हा अपराध मात्र आजही आहे, आणि तो असावाच. पूर्वींच्या दंडसंहितेंत ह्यासाठीं वीस वर्षांची मर्यादा होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्यायसंहितेंत ती अठरा वर्षांची आहे.

तर मग कोणतेंही पुस्तक कोणाच्याही हातीं द्यावें काय? मुळींच नाहीं. असें कांहीं लेखन आहे कीं तें आमच्या ग्रंथालयांत आलेलें नाहीं व येणारही नाहीं. तें कसें ओळखावें असें विचाराल, तर एका पानावरून तें ओळखतां येत नाहीं, हें पहिलें उत्तर. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ मधील केशवपनाचा प्रसंग तेवढाच फाडून कोणाच्या हातीं दिला तर तो क्रूर वाटेल. लिहिणारा कोठें उभा आहे तें पाहावें. ज्या माणसावर प्रसंग गुदरला त्याच्या शेजारीं तो उभा आहे, कीं दाराच्या फटीला डोळा लावून? त्या मुलीला नांव, आई, कालचा दिवस आणि उद्यांचा दिवस आहे काय, कीं प्रसंग संपतांच लेखक तिला विसरून दुसरीकडे वळतो? आम्ही हलकें म्हणतों तें लेखन बहुधा ह्या दुसऱ्या जातीचें असतें. आणि त्यांत पुष्कळदां एकही अपशब्द नसतो, त्यामुळें तें घरांत बिनतक्रार फिरतें. छळ करून मुलीचें मन जिंकणारा नायक ज्यांत आहे, अशा गुळगुळीत प्रेमकथांबद्दल आमच्याकडे आजवर एकही पालक आलेला नाहीं. त्यांच्याबद्दल यावें असें आम्हांस वाटतें.

आणखी एक गोष्ट. आलेल्या तक्रारी जवळजवळ सर्व मुलींच्या पुस्तकांबद्दल असतात. मुलगा काय वाचतो, त्याहून अधिक म्हणजे हातांतील यंत्रावर काय पाहतो, ह्याची चौकशी करणारे फार थोडे. अम्नोन हाही दावीदाचाच मुलगा होता. तामारेची किंवा यमूची गोष्ट मुलींपेक्षां मुलांनीं आधीं वाचावी, असें आमचें मत बनत चाललें आहे.

लहान मूल न कळणारा भाग आपोआप ओलांडून जातें. तेरा ते सोळा ह्या वयांत तें अर्धें समजतें, आणि अर्ध्या समजुतीचा त्रास अधिक. अशा वेळीं पुस्तक आधीं स्वतः वाचलेलें मोठें माणूस जवळ असणें, ह्यापेक्षां दुसरा उपाय आम्हांस ठाऊक नाहीं. ‘तुला ह्यांत काय वाटलें?’ एवढ्या प्रश्नानें काम भागतें. व्याख्यानाची जरूर पडत नाहीं. कधीं मूल कांहींच सांगत नाहीं. तरी प्रश्न विचारलेला त्याच्या लक्षांत राहतो.

जेरोमच्या क्रमाचें तत्त्व आम्हीं ग्रंथालयांत आमच्या अल्प मतीप्रमाणें लागू केलें आहे. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ आठवीपासून मिळते. ‘कळ्यांचे निःश्वास’ आणि त्या जातीचीं कांहीं पुस्तकें नववी-दहावीसाठीं वेगळ्या कपाटांत आहेत. त्या कपाटास कुलूप नाहीं, पण पुस्तक नेतांना व परत करतांना शिक्षकाशीं पांच मिनिटें बोलावें लागतें. ह्या वर्षापासून पालकांसही पुस्तकें नेतां येतात. दर शनिवारीं सकाळची शाळा सुटल्यावर ग्रंथालय एक तास उघडें असतें, आणि पालकांच्या नांवांची वही दाराजवळच्या मेजावर ठेविलेली आहे. आजवर तींत अकरा नांवें नोंदलेलीं आहेत.